चालतंय की!

आमच्या मामांचं वेब्ली रिव्हॉल्व्हर बत्तीस बोअरचं आणि वयानं मामांच्याच बरोबरीचं. त्याला हल्ली एक खोड लागली होती. चाप ओढला की चक्र फिरायचं, पण गोळीचं घर नळीसमोर पुरतं येण्याआधीच घोडा पडायचा. अशा वेळी गोळी नळीच्या तोंडाची कड तासत आत शिरते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. म्हणजे चोर सुखरूप आणि शेजारी उभ्या मामी धोक्यात!

१९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. कायदा मला मान्य आहे. गल्लीतला सायकलवाला "द्या इकडं, ठोकून देतो" म्हणाला, तेव्हा तर तो फारच मान्य झाला.

माझं भांडण आहे ते परवानेवाल्याशी. या गृहस्थानं रिकामं रिव्हॉल्व्हर दोनदा खटखट वाजवलं आणि म्हणाला, "चालतंय की!"

अहो, वाजतंय! चालतंय कुठे? चाप हळूहळू ओढून सहाही घरं एकेक तपासायला नकोत? चक्र ढकलणारा दांडा झिजलाय का, हे उघडून बघायला नको? पण उघडायचं कोणी! "पार्ट मिळत नाहीत, काका. नवीन घ्या." आमच्या बँकेत दहा रुपयांची कॅश जुळली नाही तर आम्हाला घरी सोडत नाहीत. इथं गोळीचा हिशेब जुळत नाही, तरी चालतंय!

मामा शांतपणे म्हणाले, "मग गोळी घालून तूच उडवून दाखव. मी शेजारी उभा राहतो."

"नको, काका," तो म्हणाला, "ठेवून जा. बघतो."