पेटंट संपलं, आता भाव विचारा

घाटंजी तालुक्यात ज्या घरात शुगरची गोळी रोज लागते, त्या घराला माझी कळकळीची विनंती आहे: पुढच्या वेळी मेडिकलवर जाल तेव्हा गोळीच्या पाकिटावर कंपनीच्या ब्रँडसोबत छापलेलं मूळ औषधाचं नावही वाचा. ते कागदावर उतरवून घ्या आणि डॉक्टरांना विचारा, या औषधाचं पेटंट संपलं का?

एम्पाग्लिफ्लोझिनचंच पाहा. मधुमेहावरच्या या औषधाचं भारतातलं पेटंट ११ मार्च २०२५ ला संपलं. तोवर १० मिलिग्रॅमची एक गोळी सुमारे साठ रुपयांना पडे, म्हणजे महिन्याला अठराशे. पेटंट संपताच कित्येक भारतीय कंपन्या बाजारात उतरल्या आणि एका कंपनीने तीच गोळी साडेपाच रुपयांच्या आसपास आणली. महिन्याचा खर्च पावणेदोनशेच्या आत आला. कापसाचा चुकारा वेळेवर न मिळणाऱ्या घरात हा फरक गोळी चालू राहणार की बंद पडणार, हे ठरवतो.

पेटंट म्हणजे अर्ज केल्यापासून वीस वर्षांची मक्तेदारी. ती संपली की इतर कंपन्यांना मोठ्या चाचण्या नव्याने कराव्या लागत नाहीत, आपली गोळी मूळ औषधासारखीच शरीरात उतरते एवढं दाखवावं लागतं. म्हणून त्यांचा खर्च कमी. तरी एकच नवा विक्रेता आला तर भाव थोडाच उतरतो. दहा-वीस आले की कोसळतो. अमेरिकेत याशिवाय आणखी एक कुंपण आहे. नव्या औषधाला तिथे पाच वर्षांचं बाजार-संरक्षण मिळतं, पेटंट असो वा नसो. आपल्या कायद्यात ते नाही. परदेशी सरकारं व्यापार कराराच्या बोलण्यांत ते मागत असतात आणि भारताने ते कधीही देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

पेटंटची मुदत संपत आली की काही कंपन्या औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट मागतात. आपल्या कायद्याचं कलम ३(ड) ते अडवतं. टीबीवरच्या बेडाक्विलिनचं मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होतं, पण जॉन्सन अँड जॉन्सनला त्याच औषधाच्या क्षारावर २०२७ पर्यंत हक्क हवा होता. टीबीच्या औषधांनी श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या दोघींनी हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. दोन रुग्णांनी हे करून दाखवलं.

पण भाव उतरला म्हणून तो आपोआप तुमच्या बिलात उतरत नाही. चिठ्ठीवर जुना ब्रँड लिहिलेला असेल, तर मेडिकलवाल्याला कायद्याने परस्पर दुसरी कंपनी देता येत नाही. त्यांच्याशी वाद घालू नका. डॉक्टरांना सांगा, "साहेब, मूळ औषधाचं नाव लिहून द्या, परवडणारं द्या." असं विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. मधुमेहावरच्याच व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ मध्ये आणि सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्येच संपलं. जुन्याच चिठ्ठीवर महागडी गोळी घेणाऱ्यांनी तर हे आधी विचारावं. सरकारने ठरवलेली कमाल किंमत 'फार्मा सही दाम' ॲपवर दिसते आणि जवळचं जनऔषधी केंद्र 'जनऔषधी सुगम' वर. घरातल्या शिकलेल्या पोराला पाच मिनिटं बसवा.

मात्र गोळी आपल्या मनाने बदलू नका. पाकिटावर दोन औषधं एकत्र असतील तर दोन्हींची नावं आणि मिलिग्रॅम जुळलेच पाहिजेत. कंपनी बदलल्यावर काही आठवड्यांनी शुगर तपासून घ्या. स्वस्त म्हणजे निकामी नाही, हे खरं, पण निकृष्ट मालही बाजारात सापडतो. म्हणून पक्कं बिल घ्या आणि त्यावर बॅच नंबर आहे ना, ते पाहा. गुण येत नाही असं वाटलं तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग बिल आणि उरलेलं पाकीट घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा.