हिशेबाची डिस्क टीबी मोजून घेऊ नका

माल कुठे ठेवावा, हे बोळिंजच्या आम्हा कापडवाल्यांना शिकवावे लागत नाही. रोज उघडायचे थान गादीजवळ, हंगामाच्या गाठी गोदामात. संगणकाच्या डिस्कबाबत मात्र आम्ही हा तजुर्बा विसरतो आणि ‘किती टीबी?’ एवढेच विचारतो.

आता हिशेब चोपडीत राहिलेला नाही. एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल आले. ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले. जीएसटीचे दफ्तर वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागते. ते गेले तर पेढीची पत गेली.

मोठ्या पेढ्यांना हल्ली ‘हायपरकन्व्हर्ज्ड’ यंत्रणा सुचवली जाते. साध्या भाषेत सांगायचे तर तीन-चार सर्व्हरांतील डिस्क जोडून त्यांचे एकच गोदाम करायचे आणि त्यावर बिलाचा, साठ्याचा, हिशेबाचा असे अनेक आभासी संगणक चालवायचे. एक सर्व्हर बसला तरी काम दुसऱ्यावर चालू राहते. कल्पना चांगली आहे, पण सारा भार डिस्कवर येतो.

फिरती डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे सुटी कामे उरकते, एसएसडी हजारो. म्हणून चालू बिले एसएसडीवर आणि जुनी दफ्तरे फिरत्या डिस्कवर ठेवावीत. एसएसडीही सर्व्हरच्याच दर्जाची हवी. आमच्याकडे एका विक्रेत्याने स्वस्त घरगुती एसएसडी बसवल्या. वीज अचानक गेली की हातातले लिखाण सांभाळणारी सोय त्यांत नव्हती. ऐन सणात दिवे गेले आणि त्या दिवसाची बिले आम्हाला पावत्यांवरून पुन्हा भरावी लागली. सततच्या लिखाणाने एसएसडी झिजते, म्हणून रोज किती लिखाण सोसेल, तेही लेखी घ्यावे.

मापातही गफलत होते. तीन सर्व्हरांत प्रत्येकी ४ टीबी म्हणजे कागदावर १२ टीबी. प्रत्येक नोंदीच्या दोन प्रती ठेवल्या की उरतात ६. एक सर्व्हर बंद पडल्यावर त्याचा माल उरलेल्या दोघांत मावला पाहिजे, म्हणजे खरा वापर ४ टीबीचाच. विक्रेता हे आपणहून सांगत नाही.

आणि दोन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद दोन्हीकडून पुसली जाते. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले, तेव्हा एका छताखाली सारे ठेवण्याचा अर्थ कळला. एक प्रत गावाबाहेर हवीच.

एक-दोन संगणकांच्या दुकानाला हा पसारा नको. एक चांगली एसएसडी आणि दोन ठिकाणी बॅकअप पुरे. ज्यांना मोठी यंत्रणा घ्यायचीच आहे, त्या व्यापारी बांधवांनी डिस्क कापडासारखी पारखावी. नुसती लांबी मोजून आपण थान कधी घेतो का?