एका वर्षाची सेवा

सात रस्त्यावरील आमच्या सेवा मंडळाचे अध्यक्षपद वर्षभर माझ्याकडे होते. अहवालात उपक्रम भरपूर आहेत : वृक्षारोपण, रक्तदान, विडी कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळचा अभ्यासवर्ग. टाळ्याही मिळाल्या. पण जुलैत लावलेली रोपे एप्रिलच्या उन्हात वाळली, तेव्हा मी परीक्षेच्या अभ्यासात होतो. पाणी कोणी घालायचे, हे मी ठरवलेच नव्हते. शेवटच्या वर्गात एका मुलीने विचारले, "दादा, पुढच्या वर्षी येणार ना?" मला उत्तर देता आले नाही.

गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेतही वर्षाला १२० तास भरावे लागतात. तास भरले की सेवा संपते काय? आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. सहकारी परतले, ते मात्र १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच रुग्णसेवा करीत राहिले.

एवढे मोठेपण आपल्याला कोठून येणार? पण नव्या अध्यक्षाने नवा उपक्रम शोधण्याआधी जुना चालू ठेवावा, एवढे तरी आपल्या हाती आहे. म्हणून निरोपाच्या दिवशी मी त्याच्या हाती हारतुऱ्याऐवजी अभ्यासवर्गाची हजेरीवही देणार आहे; आणि वर्गावर येत राहणार आहे.