हुरडा, शेकोटी आणि मामाजींची जागल

डिसेंबर उजाडला की ऑफिसातल्या पब्लिकच्या अंगात एकदम गावप्रेम संचारतं. वर्षभर एसी किती डिग्रीवर ठेवायचा यावरून भांडणारी मंडळी अचानक ‘यार, कुठेतरी मस्तपैकी शेकोटीपाशी बसायला हवं’ असं म्हणायला लागतात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर हुरडा पार्टीचं पोस्टर फिरतं. बैलगाडीची राइड, चुलीवरचं जेवण, रेन डान्स (हो, जानेवारीत!) आणि माणशी अमुक इतके रुपये, जीएसटी वेगळा. शनिवारी जायचं, फोटो टाकायचे, रविवारी ट्रॅफिकमध्ये दोन तास काढून परत यायचं. सोमवारी कुणी ‘वीकेण्ड कसा गेला?’ विचारलं की उत्तर ठरलेलं. ‘सॉलिड!’

माझी त्यावर काही तक्रार नाही. हुरडा कुठेही खाल्ला तरी हुरडाच. पण माझ्याकडे एक जास्त भारी ऑप्शन आहे, आणि तो आपल्यापैकी अनेकांकडे असतो. मामाचं गाव. माझ्या मामाजींचं गाव वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात आहे. (आमच्याकडे मामालाही ‘जी’ लागतो. पुणेकरांनी हसू नये.) मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस, पुण्याहून आझाद हिंद, रात्री झोपायचं आणि सकाळी वर्ध्याला उतरायचं. ‘समृद्धी’ झाल्यापासून गाडीवालेही येऊ लागलेत. पण थंडीत स्लीपरच्या डब्यातून उतरून स्टेशनबाहेर तर्रीपोहे हाणण्यात जी मजा आहे, ती टोलनाक्यावर नाही.

वर्ध्याची थंडी ही कमावलेली थंडी असते. एप्रिल-मेमध्ये इथे पारा पंचेचाळिशी गाठतो. जो तो फडकं डोक्याला गुंडाळून फिरतो. त्यामुळे डिसेंबरमध्ये पहिल्यांदा स्वेटर निघतो तेव्हा लोक बोनस मिळाल्यासारखे खूश असतात. आणि ही थंडी चिल्लर नसते बरं. शेजारच्या नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा थेट ३.५ अंशांवर उतरला होता. अशा सकाळी अंगणात उभं राहून तोंडातून वाफ काढायची. फुल टाइमपास, आणि पैसे शून्य!

खाण्याचं तर विचारूच नका. तुरीच्या हिरव्या शेंगा मीठ घालून उकडायच्या आणि परातीभोवती बसून दातांनी ओढून खायच्या. हे काम अर्धा तास चालतं. हात ओले आणि खारट असल्यामुळे मोबाइलला कुणी हात लावत नाही. डिजिटल डिटॉक्सचा याहून स्वस्त फंडा मला माहीत नाही. मग सोले-वांग्याची भाजी. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी. आणि सांबारवडी! आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. एकदा मी पुण्याच्या मैत्रिणीला ‘सांबारवडी खाऊन बघ’ म्हटलं, तर ती बिचारी बराच वेळ इडली कधी येते याची वाट बघत बसली होती.

दुपारी मात्र काहीच करायचं नसतं. ओसरीत ऊन येतं, ते जसं सरकेल तशी बाजही सरकवायची. कुणीतरी बोरं आणून देतं. करंजा-आष्टीकडची संत्री आलेली असतात, ती सोलायची. संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या मंडळातून सामुदायिक प्रार्थनेचा आवाज येतो. त्यानंतर गाव हळूहळू मिटतं. नऊ वाजता इतकं शांत होतं की प्रत्येक आवाज वेगळा ओळखू येतो. हा पिंगळा, हा कुणाचा तरी खोकला, ही वर्ध्याहून शेवटची मोटारसायकल घेऊन परत आलेला शेजारचा पोट्टा.

वाचून ‘वॉव’ वाटतंय ना? मलाही वाटतं. पण गेल्या दोन-तीन हिवाळ्यांत मी एक वेगळा उद्योग सुरू केलाय. मला काय आवडतं याची यादी झाली की तिथे राहणाऱ्यांना विचारायचं, तुम्हाला हिवाळ्यात काय आवडतं?

सुरुवात मामींपासून केली. मी चुलीसमोर हात शेकत बसले होते, अंघोळीचं पाणी गंजात तापत होतं, धुरात ते सोनेरी ऊन वगैरे... मी म्हटलं, मामी, चुलीची मजाच वेगळी नाही का? मामींनी डोळे पुसत माझ्याकडे पाहिलं.

‘पाह्याले बरी दिसते वं चूल. फुकाले नाई.’

संपला विषय. पाहुणे आले की चूल पेटते, एरवी मामी गॅसवर सुखात असतात. त्यांना हिवाळ्यात काय आवडतं? तर दुपारी तीन ते चार. कापूस वेचून झालेला असतो, संध्याकाळचा स्वयंपाक लागायचा असतो. त्या तासाभरात उन्हात पाठ करून बसायचं आणि बहिणीला फोन लावायचा. आणि दुसरं म्हणजे हरभऱ्याचा कोवळा पाला खुडायला जाणं. काम आहेच, पण चार बायका सोबत असतात आणि घरचं कुणी ऐकत नसतं. ऑफिसातल्या कॉफी ब्रेकचा फंडा तरी दुसरा काय असतो?

मग मामाजी. त्यांची केस जरा वेगळी आहे.

एका रात्री थंडीने जाग आली तर अंगणात मामाजी डोक्याला मफलर गुंडाळून, हातात बॅटरी आणि काठी घेऊन निघालेले. शेतात जागलीला. मी गोधडीसकट बाहेर.

‘काहून वं, झोप नाई आली का?’

मी विचारलं, इतक्या थंडीत कशाला?

‘डुकरं येऊन राह्यले ना बाप्पा, जवारीत.’

मामाजींची सहा एकर. त्यात कापूस, कापसात तुरीची तासं, सोयाबीन निघाल्यावर तुकडाभर हरभरा, विहिरीच्या पाण्यावर थोडा गहू. आणि एका कडेला ज्वारीची फक्त दहा तासं. विकायला नाही. हुरड्याला. म्हणजे आम्ही शहरातली भाचरं आणि त्यांचा स्वतःचा मुलगा, जो हिंजवडीत कोड लिहितो, दोन दिवस येतो त्यासाठी.

विदर्भात एकेकाळी ज्वारी हे मुख्य धान्य होतं. घरात भाकरी, गोठ्यात कडबा. नंतर सोयाबीन आलं, त्याला नगदी पैसा होता. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. बैल कमी झाले, कडब्याची गरज कमी झाली. ज्वारीचं क्षेत्र जसजसं आटलं, तसतसं उरलेल्या ज्वारीवर पाखरांचं आणि रानडुकरांचं संकट वाढलं. साधा हिशेब आहे. गावभर ज्वारी असली की पाखरं सगळ्यांच्यात वाटली जातात; एकट्याचीच असली की सगळी त्याच्याकडे जेवायला. म्हणून शेजाऱ्याने सोडली की आपणही सोडायची. गंमत बघा, २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, आपल्या सुपरमार्केटमध्ये ज्वारीचे पफ ‘ग्लूटेन-फ्री’ म्हणून चकचकीत पाकिटात आले, आणि ज्वारीच्या गावात हुरड्यापुरती दहा तासं उरली.

सेलू तालुक्यात बोरचं जंगल आहे. २०१४ मध्ये तो व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या सर्वांत लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तुम्ही-आम्ही तिथे सफारीला जातो तेव्हा वाघ दिसला तर ट्रिप वसूल. मामाजी रात्री शेताकडे चालत जातात तेव्हा वाघ न दिसला तर ट्रिप वसूल. त्यात पिकाला पाणी द्यायची लाइन रात्रीच्या पाळीची असली की विहिरीवरही रात्रीच जायचं. आपण ज्याला ‘ताऱ्यांखाली बोनफायर’ म्हणतो ना, त्याला तिथे ड्युटी म्हणतात.

मचाणावर मी त्या रात्री तासभर बसले. खाली शेकोटी, वर एकही ढग नसलेलं आकाश. असं स्वच्छ, कडक थंडीचं आकाश मामाजींनाही आवडतं. पण कारण वेगळं. थंडी टिकली तर गव्हाला फुटवे चांगले येतात, हरभऱ्याला मानवते. ढग आले, धुई पडली की तुरीचा फुलोरा गळतो आणि शेंगेत अळी शिरते. म्हणजे मी आकाशात मृग नक्षत्र शोधत होते आणि मामाजी तुरीचा भाव. दोघंही खूश!

तरी मी विचारलंच. मामाजी, दहा तासांसाठी इतक्या रात्री जागायचं? दादा तर म्हणतो, बाबा, बंद करा, पुण्यात किलोवर विकत मिळतो हुरडा.

‘तुमी येता दोन दिवस. मंग तुमाले काय सोयाबीन भाजून देऊ का?’

आता यावर काय बोलणार?

वर्ध्यात साधेपणाची चर्चा नवी नाही. महात्मा गांधी १९३६ मध्ये इथल्या शेगाव नावाच्या खेड्यात राहायला आले. १९४० मध्ये त्याचं नाव सेवाग्राम झालं. आज आपण बापू कुटीच्या मातीच्या भिंती आणि बांबूचं काम बघून ‘काय पीस आहे!’ म्हणतो. पण त्याच १९३६ साली गांधीजींना तिथे मलेरिया झाला आणि वर्ध्याच्या रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. खेडं काय असतं हे त्यांना अंगावर कळलं होतं. ते तिथे सफाई, आरोग्य, ग्रामोद्योग असली कटकटीची कामं करायला गेले होते. आणि फार मागे कशाला जायचं? २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचं पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळालं, त्यात वर्धा होता. ही शांतता त्याच गावांमधली आहे.

म्हणजे मग मजा करायचीच नाही का? तसं म्हणाल तर मामाजीच रागावतील. हुरडा पोटभर खाल्ला नाही तर त्यांच्या जागलीचा अपमान! मुद्दा एवढाच की तिथल्या मजेला कामाची फोडणी असते, आणि ती चाखायची तर थोडं काम अंगावर घ्यावं लागतं.

आमच्या घरी हे गेल्या हिवाळ्यात घडलं. दादा वर्क फ्रॉम होम घेऊन दहा दिवस आला. दिवसा कॉल, आणि त्यातल्या चार रात्री मामाजींना घरी झोपवून स्वतः जागलीला. पाचव्या दिवशी मीटिंगमध्ये जांभया देताना त्याने ‘विकत मिळतो’ हे वाक्य कायमचं मागे घेतलं. मग आम्ही सगळ्या भाचरांनी मिळून वर्गणी काढली आणि शेताला सोलरवरचं झटका मशीन बसवलं. तारेला डुक्कर चिकटलं की हलका शॉक बसतो आणि ते पळतं. माणशी जेवढे पडले, तेवढ्यात आमच्या दोन-तीन हुरडा पार्ट्या झाल्या असत्या. मामाजी यंदा बऱ्याच रात्री घरी झोपतात. एखादी चक्कर मारतातच, सवयीने. अर्थात, पुढे ही सहा एकर कोण करणार, या प्रश्नाला झटका मशीन चालत नाही. दादा त्यावर गप्प असतो, मामाजीही. मामी म्हणतात, ठेक्याने देऊन टाका. ही चर्चा आमच्याकडे दर हिवाळ्यात शेकोटीपाशी निघते आणि लाकडं संपली की थांबते.

तर मंडळी, यंदा जायचं असेल तर चार टिप्स. एक, कुणाचं तरी काका-मामाचं गाव असेल तर आधी तिकडे फोन करा. तुम्ही येणार म्हटल्यावर तिकडे काय होतं हे तुम्हाला माहीतच आहे. दोन, जाताना फरसाण नेऊ नका. वर्ध्यातच गोरसपाक मिळतो, गाईच्या तुपातला. तो घ्या. मामी चहात बुडवून खातात आणि त्या पाच मिनिटांत कुणाशी बोलत नाहीत. तीन, फेब्रुवारीपर्यंत थांबता आलं तर समुद्रपूर तालुक्यातलं वायगाव गाठा. तिथल्या हळदीला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालं. पाकिटातली पिवळी पावडर होण्याआधी हळद शिजवावी लागते, वाळवावी लागते, घोटावी लागते, हे बघितलं की दुकानात भाव करताना आवाज आपोआप खाली येतो. आणि वाटेत पवनारला धाम नदीच्या काठी थोडं बसा. विनोबा १९३८ मध्ये तिथे राहायला आले. काही न करता बसायला वर्ध्यात याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

चार, एका रात्री जागलीला जा. स्वेटर दोन घाला, कानटोपी विसरू नका, आणि बॅटरी चार्ज करून घ्या. मोबाइलचा टॉर्च तिथे पुरत नाही.