पळालेल्या वाहनाचा क्रमांक

धार जिल्ह्यातील पिथमपूर येथे २९ जून २०२१ रोजी तत्कालीन केंद्रीय अवजड उद्योगमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते ११.३ किलोमीटर लांबीच्या अतिवेगवान चाचणी मार्गाचे उद्घाटन झाले. ‘नॅट्रॅक्स’ या राष्ट्रीय संस्थेच्या या मार्गावर देशी-विदेशी वाहनांचा वेग, ब्रेक आणि स्थैर्य तपासले जाते. धावणाऱ्या वाहनाच्या प्रत्येक क्षणाची नोंद तिथे उपकरणे करीत असतात. त्याच पिथमपुरातील औद्योगिक रस्त्यांवर पाळी सुरू होताना आणि सुटताना सायकलवरचे कामगार अवजड मालमोटारींच्या शेजारून वाट काढतात. त्यांच्यापैकी एखाद्याला मागून धडक देऊन वाहन पसार झाले, तर त्या क्षणाची नोंद करणारे काहीही तिथे असेलच, याची हमी नाही. सायकलीवर कॅमेरा लावावा का आणि प्रवासाचे थेट प्रक्षेपण करावे का, हा अलीकडे शहरी सायकलस्वारांत चर्चिला जाणारा प्रश्न खरे तर या कामगारासंबंधी विचारायला हवा.

धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. पवारांची ही संस्थाने माळव्यातील मराठी सत्तेच्या खुणा आहेत आणि १९४८ पासून देवास हे कुमार गंधर्वांचे गाव झाले. आजचे देवास मात्र नोटा छापणारा सरकारी कारखाना, किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आणि असंख्य लहान-मोठे उद्योग यांनी वेढलेले औद्योगिक शहर आहे. आग्रा-मुंबई महामार्ग देवासजवळून येतो आणि पुढे धार जिल्ह्याच्या दक्षिण भागातून खलघाटला नर्मदा ओलांडतो. १८ जुलै २०२२ रोजी याच खलघाटच्या पुलावरून इंदूरहून अमळनेरला निघालेली महाराष्ट्राची एसटी बस नदीत कोसळली होती. रस्ता मोठा, वाहतूक अवजड आणि त्याच्या कडेने सायकल, असे या परिसराचे चित्र आहे.

आकड्यांत न दिसणारा सायकलस्वार

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. मध्य प्रदेशात त्या वर्षी ५४,४३२ अपघात झाले आणि अपघातांच्या संख्येत हे राज्य तामिळनाडूपाठोपाठ दुसऱ्या स्थानी राहिले. देशभरातील मृतांत सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक, म्हणजे सुमारे तीन टक्के होते. हा वाटा लहान वाटतो. म्हणूनच धोरणाच्या चर्चेत सायकलस्वार मागे पडतो. मात्र २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग वगळता अन्य कामगारांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात असल्याची नोंद आहे. संख्येने ते २ कोटी ६० लाखांहून अधिक भरतात. हौसेने सायकल चालवणारे त्यांच्यात थोडेच असतील. बहुतेकांसाठी सायकल हे परवडणारे एकमेव वाहन आहे.

याच अहवालातील दुसरा आकडा अधिक अस्वस्थ करणारा आहे. धडक देऊन पळून जाण्याच्या घटनांत २०२२ मध्ये ३०,४८६ जण दगावले. अपघातातील दर सहा मृत्यूंमागे एकापेक्षा जास्त मृत्यू असे आहेत की ज्यांत धडक देणारे वाहन निघून गेले. सायकलस्वाराला कॅमेऱ्याचा खरा उपयोग इथे सुरू होतो.

क्रमांकाची किंमत

कॅमेरा धडक थांबवत नाही. मागून भरधाव येणाऱ्या चालकाला सायकलीच्या बैठकीखालची काडेपेटीएवढी पेटी दिसतही नाही. दिसलीच तर ती दिव्यामुळे. त्यामुळे कॅमेऱ्याला सुरक्षेचे साधन म्हणण्यापेक्षा पुराव्याचे साधन म्हणणे योग्य ठरेल. पण हा पुरावा किती मोलाचा आहे, हे मोटार वाहन कायद्यातील दोन कलमे शेजारी ठेवली की कळते.

वाहन सापडले नाही, तर कलम १६१ खालील योजनेनुसार मृताच्या वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. ही वाढीव रक्कम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. वाहन सापडले, तर कलम १६४ नुसार चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपयांची भरपाई वाहनमालकाला किंवा विमा कंपनीला द्यावी लागते. चूक सिद्ध करण्याची तयारी असेल, तर अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मृताचे वय, उत्पन्न आणि अवलंबितांची संख्या यांच्या आधारे त्याहून बरीच मोठी रक्कम मागता येते. सायकल ही मोटार वाहनाच्या व्याख्येत बसत नाही. तिचा विमा काढावा लागत नाही आणि बहुधा कुणी काढतही नाही. म्हणून कामगाराच्या कुटुंबाचा सारा आधार समोरच्या वाहनाच्या विम्यावर असतो आणि त्या विम्यापर्यंत नेणारा धागा म्हणजे त्या वाहनाचा क्रमांक. तो हाती असणे आणि नसणे यांत किमान तीन लाखांचे अंतर आहे.

फौजदारी बाजूही तपासून पाहावी लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या पहिल्या भागात निष्काळजीपणे मृत्यूस कारणीभूत ठरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अपघातानंतर खबर न देता पळणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारा दुसरा भाग जानेवारी २०२४ मधील मालमोटारचालकांच्या देशव्यापी आंदोलनानंतर बाजूला ठेवण्यात आला. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू करणाऱ्या अधिसूचनेतून तो वगळला गेला. याचा एक परिणाम फारसा चर्चिला गेलेला नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करण्याची तरतूद आहे. पण ती सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी. पाच वर्षांच्या शिक्षेचा अपघाती मृत्यू त्या कक्षेत येत नाही. रस्त्यावरच्या काचा आणि टायरच्या खुणा पुढच्या वाहतुकीत पुसल्या जातात. अशा वेळी सायकलीवरच्या किंवा जवळच्या दुकानावरच्या कॅमेऱ्यातील काही सेकंद हाच तपासाचा मुख्य आधार उरतो.

२८ फेब्रुवारी २०२४ रोजी नवी मुंबईत इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी यांचा सायकल चालवताना टॅक्सीच्या धडकेने मृत्यू झाला. त्यांच्यासोबत अन्य सायकलस्वार होते, त्यामुळे घटना पाहणारे डोळे जागेवर होते. पहाटेच्या पाळीला एकट्याने निघालेल्या कामगाराच्या बाबतीत असे साक्षीदार असणे हा निव्वळ योगायोग असतो.

चित्रफीत आहे, पुढे काय?

चित्रफीत असली म्हणजे पुरावा झाला, असेही नाही. जालना विधानसभा मतदारसंघातील २०१४ च्या निवडणुकीचा वाद अनेकांना आठवत असेल. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातील कॅमेऱ्याचे चित्रीकरण त्यात कळीचे ठरले. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केले की मूळ साधनच न्यायालयापुढे आणले नसेल, तर त्याच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र दोन भागांचे झाले आहे. एक भाग चित्रफीत सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारी ‘हॅश’ नावाची सांकेतिक संख्याही त्यात लिहावी लागते.

देवासच्या कारखान्यातील कामगाराने किंवा त्याच्या विधवेने हे प्रमाणपत्र कुठून आणायचे? मूळ साधन म्हणून मोबाइलच जमा करायचा, तर तो किती दिवस पोलीस ठाण्यात राहील? या प्रश्नांची सोपी उत्तरे मिळेपर्यंत कॅमेरा हा वकील परवडणाऱ्यांच्याच कामाचा राहील. शिवाय चांगला कॅमेरा साध्या सायकलीपेक्षा महाग असतो. माळव्यातील हिवाळी धुक्यात आणि पहाटेच्या अंधारात स्वस्त कॅमेऱ्यात वाहनाचा दिवा दिसतो, पाटीवरील अंक मात्र पुसट उमटतात. ज्याला धोका सर्वाधिक आहे, त्याच्याच हाती हे साधन सर्वांत कमी पोहोचते.

थेट प्रक्षेपणाचा मोह

थेट प्रक्षेपणाचे समर्थक म्हणतात की फोन फुटला किंवा चोरीला गेला तरी चित्रण दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित राहते. हा मुद्दा खरा आहे. परंतु त्यासाठी अखंड नेटवर्क आणि भरपूर बॅटरी लागते. घाटात आणि महामार्गाच्या निर्जन पट्ट्यांत नेटवर्क तुटते. दुसरे म्हणजे, प्रक्षेपण पाहणारा मनुष्य मदतीला धावू शकत नाही. मदत करणाऱ्याला हवे असते ते नेमके ठिकाण. तेवढ्यासाठी व्हॉट्सॲपवरून एक तास किंवा आठ तास थेट स्थान पाठवण्याची सोय पुरेशी आहे. घरातल्या एका माणसाने ते पाहावे, ठिपका फार वेळ एकाच जागी थांबल्यास फोन करावा आणि उत्तर न आल्यास ११२ वर कळवावे. साध्या फोनवर, अल्प डेटात होणारी ही व्यवस्था चित्रप्रक्षेपणापेक्षा अधिक भरवशाची आहे.

तिसरी अडचण प्रेक्षकांची. ब्रिटनमधील प्रसिद्ध निवेदक जेरेमी व्हाइन यांनी अनेक वर्षे लंडनमधील आपल्या सायकल प्रवासाच्या चित्रफिती समाजमाध्यमांवर टाकल्या. २०१६ मधील एका प्रसंगाच्या चित्रणामुळे त्यांना धमकावणाऱ्या चालकावर खटला चालून शिक्षाही झाली. तरीही २०२५ मध्ये त्यांनी हे प्रसारण थांबवल्याचे जाहीर केले. कारण होते समाजमाध्यमांवरील शिवीगाळ आणि धमक्या. त्याच देशात २०१६ मध्ये उत्तर वेल्समधून सुरू झालेला ‘ऑपरेशन स्नॅप’ हा उपक्रम मात्र पसरत गेला. त्यात नागरिक आपली चित्रफीत आणि जबाब पोलिसांच्या संकेतस्थळावर देतो, कारवाई करायची की नाही हे पोलीस ठरवतात. एकच चित्रफीत जनतेपुढे टाकली की भांडण होते, यंत्रणेकडे दिली की प्रकरण होते. सुरक्षेसाठी दुसरा मार्ग हवा.

सरकारचा कॅमेरा कुठे?

खरे तर ही जबाबदारी सायकलस्वाराच्या खिशावर टाकण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यातील कलम १३६अ आणि त्याखालील ऑगस्ट २०२१ मधील नियम १६७अ यांनी राज्यांना वेगमापक कॅमेरे, सीसीटीव्ही, पोलिसांच्या अंगावरील आणि गाडीतील कॅमेरे बसवण्यास सांगितले आहे. धोक्याचे महामार्ग आणि १३२ शहरांतील महत्त्वाचे चौक यांना त्यात प्राधान्य आहे. या शहरांच्या यादीत देवास आहे. धार आणि पिथमपूर नाहीत. यादी करताना लोकसंख्या आणि हवेचे प्रदूषण हे निकष मानले गेले. सायकलवरचे कामगार कुठे अधिक आहेत, हा निकष कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. औद्योगिक वसाहतींची प्रवेशद्वारे आणि पाळी सुटण्याच्या वेळी गजबजणारे जोडरस्ते हे धोक्याचे मार्ग मानून तिथे रात्रीही क्रमांक टिपणारे कॅमेरे बसवणे राज्य सरकारला अवघड नाही. त्यासाठी यादीत नाव असण्याची वाट पाहायला हवी असेही नाही.

गोव्याला या चर्चेतून घेण्यासारखे बरेच आहे. वाहतूक नियमभंगाची छायाचित्रे नागरिकांनी पाठवावीत आणि त्यांना गुण व बक्षिसे मिळावीत, अशी ‘ट्रॅफिक सेंटिनल’ योजना गोवा पोलिसांनी २०१७ मध्ये सुरू केली होती. शेजारीच शेजाऱ्यावर पाळत ठेवतो, अशी तिची प्रतिमा झाली आणि लोकप्रतिनिधींनीही तिच्यावर टीका केली. तिच्यातील दोष बक्षिसाच्या आमिषात होता. हेल्मेट न घातलेल्या शेजाऱ्याचे छायाचित्र आणि सायकलस्वाराला उडवून पळणाऱ्या वाहनाचे चित्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली हौसेची पाळत, दुसरी साक्ष. वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणारा सायकलवरचा कामगार पिथमपूरच्या कामगाराहून वेगळा नाही.

म्हणून मागणी बक्षीस योजनेची नको, साक्ष स्वीकारणाऱ्या व्यवस्थेची हवी. प्रत्येक जिल्ह्यात अपघाताची चित्रफीत स्वीकारणारी एक ऑनलाइन खिडकी असावी. फाइल मिळताच तिची सांकेतिक संख्या तिथेच नोंदवली जावी आणि प्रमाणपत्राचा तज्ज्ञाचा भाग पोलिसांच्या सायबर विभागाने विनामूल्य भरून द्यावा. चित्रण देणाऱ्याचा फोन शक्यतो त्याच दिवशी परत मिळावा. कारखान्यांनी पाळीच्या वेळी प्रवेशद्वाराबाहेरचा रस्ता टिपणारे कॅमेरे चालू ठेवावेत आणि ते चित्रण ठरावीक दिवस जपावे. सायकलींवरील परावर्तकांसाठी केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता आदेश काढला, तो नव्या सायकलींपुरता आहे. जुन्या सायकलींना मागचा लाल दिवा आणि परावर्तक पट्टी देण्याचा खर्च एका चांगल्या कॅमेऱ्याच्या तुलनेत नगण्य आहे. धडक टाळण्याचे काम प्रत्यक्षात तोच दिवा करतो.

ज्याला परवडतो त्याने कॅमेरा जरूर लावावा आणि शक्यतो मागच्या बाजूला लावावा. पण कॅमेरा नव्हता म्हणून न्याय मिळाला नाही, असे कोणत्याही कामगाराच्या कुटुंबाला ऐकावे लागू नये. वाहनाचा क्रमांक शोधणे हे तपास यंत्रणेचे काम आहे. सायकलस्वाराने त्यात मदत केली, तर ती मदत सहज स्वीकारली जाईल एवढी व्यवस्था उभी करणे सरकारच्या हातात आहे.