पॅकेज की पीएच.डी.?

अप्रेझलचा सीझन आला की माझ्या मेलबॉक्समध्ये एक प्रश्न हमखास टपकतो. ‘एम.एस्सी. केलंय, नोकरी बरी आहे, पण मन रमत नाही. पीएच.डी. करावीशी वाटते. घरी मात्र पैसे मागायचे नाहीत.’

या शेवटच्या वाक्यासाठी आजचा कॉलम. सायन्समधली पीएच.डी. म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, असा आपल्याकडे जबरदस्त गैरसमज आहे. खरा फंडा उलटा आहे, बॉस! चांगल्या ठिकाणी संशोधन तुम्ही करता आणि त्याचे पैसे तुम्हालाच मिळतात. फार नसतात, हे आधीच सांगून टाकते.

आकडेच बघा. सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली, तर जानेवारी २०२३पासून महिना ३७ हजार. दोन वर्षांनी कामाचं मूल्यमापन होतं, त्यात पास झालात की एसआरएफ म्हणून ४२ हजार. हॉस्टेल नसेल तर घरभाड्याचा भत्ता वेगळा. एकूण मुदत पाच वर्षं. पण एक मेख आहे. जून २०२४च्या परीक्षेपासून निकाल तीन गटांत लागतो आणि त्यातला एक गट फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी असतो. म्हणजे दार उघडतं, फेलोशिप मिळत नाही. ‘नेट झाली’ आणि ‘जेआरएफ झाली’ यात महिना ३७ हजारांचा फरक आहे! शिवाय जेआरएफला वयाची अट असते, त्यामुळे ‘पुढच्या वर्षी बघू’ हा डायलॉग फार वेळा चालत नाही.

नेट हा एकमेव रस्ता नाही. कुलाब्याच्या टीआयएफआरची स्वतःची परीक्षा आहे. फिजिक्सवाल्यांसाठी जेस्ट आहे. आकाशात रमणाऱ्यांसाठी पुण्यात आयुका आणि एनसीआरएची संयुक्त परीक्षा असते. प्रोजेक्टमधल्या जागांच्या जाहिराती वर्षभर निघतात. तिथे एक प्रश्न आधीच विचारा: ‘या जागेवर राहून पीएच.डी.साठी रजिस्टर करता येईल का?’ कारण प्रोजेक्ट संपला की पगारही संपतो.

परदेशात जायचंय? मग देशागणिक हिशेब वेगळा. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये पीएच.डी.ची जागा बरेचदा चक्क नोकरी म्हणून निघते. जाहिरात, मुलाखत, काँट्रॅक्ट, सगळं रीतसर. जर्मनीत मात्र काँट्रॅक्टमध्ये टक्केवारी वाचा. पगार पूर्ण की अर्ध्या किंवा दोन-तृतीयांश पदाचा, ते तिथे कळतं. अमेरिकेत अर्ज सहसा डिपार्टमेंटकडे जातो, बहुतेक डेडलाइन डिसेंबरच्या आसपास. फी माफ होते आणि शिकवण्याच्या किंवा रिसर्चच्या कामाचे पैसे मिळतात. ऑफर आली तर बऱ्याच विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत विचार करायची मुभा असते.

आता मेलबद्दल. ‘रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी हार्डवर्किंग’ असा एकच मेल दोनशे प्रोफेसरांना पाठवणारे महाभाग मी पाहिलेत. तो थेट कचऱ्यात जातो. त्याऐवजी दहाच लॅब निवडा. प्रत्येकाचा एक ताजा पेपर वाचा, त्यावर एक नेमका प्रश्न विचारा आणि तुम्हाला काय येतं ते दोन ओळींत सांगा. तुमची नोकरीतली वर्षंही फुकट जात नाहीत. कोडिंग आणि डेटा हाताळणं येणाऱ्याला जीवशास्त्रापासून हवामानापर्यंत मागणी आहे.

मुलाखतीत तुम्हीही मुलाखत घ्या. लॅबमधल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना बाजूला गाठून विचारा: इथे पीएच.डी. किती वर्षांत संपते? मध्येच किती जण सोडून गेले? स्टायपेंड वेळेवर येतो का? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडे फेलोशिप कधीकधी महिनोन्‌महिने थकते आणि बँक तुमच्या ईएमआयसाठी थांबत नाही. म्हणून माझा सल्ला अगदी मध्यमवर्गीय आहे. राजीनामा देण्याआधी कर्ज उरकून टाका आणि सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. गाइडची पारखही तेवढीच महत्त्वाची. संस्थेचं नाव सांगायला छान असतं, पण पाच वर्षं रोज गाठ गाइडशीच पडणार.

राहता राहिला घरचा मोर्चा. माझ्या एका मैत्रिणीला आईने विचारलं होतं, ‘अगं, तिशीत पुन्हा हॉस्टेल?’ ती म्हणाली, ‘आई, पगारी हॉस्टेल आहे!’ आई हसली, पण महिनाभर धुसफुसत होती. ते टेन्शनही बजेटमध्ये धरा.

येत्या रविवारी एवढंच करा. आवडत्या विषयातला एक पेपर उघडा. वाचता वाचता डुलकी लागली, तर अप्रेझलसाठी शुभेच्छा! पण चहा गार झालेला कळलाच नाही, तर पहिला मेल लिहायला घ्या.