‘आपला अभिप्राय प्राप्त झाला आहे’, पण वाचला कोणी?

दोन वर्षांपूर्वी मी एका पोर्टलवर काम करत होतो. धोरणांचे मसुदे तिथे टाकायचे आणि लोकांनी त्यावर हरकती-सूचना नोंदवायच्या, असं ते पोर्टल. ते कोणाचं होतं हे सांगत नाही, कारण मला त्यातल्या फक्त एका रकान्याबद्दल बोलायचंय.

डेटाबेसमधलं टेबल साधं होतं. नाव, मोबाइल, जिल्हा, व्यवसायाचा प्रकार, अभिप्राय, जोडलेली फाइल, तारीख आणि शेवटी ‘स्टेटस’. या स्टेटसमध्ये एकच शब्द येऊ शकत होता : ‘प्राप्त’. मी मीटिंगमध्ये विचारलं, “यानंतरचं स्टेटस काय? वाचला, मान्य, अमान्य, असं काही?” उत्तर आलं, “ते रिक्वायरमेंटमध्ये नाहीये.” मी मान डोलावली आणि पुढचं तिकीट उघडलं.

पुढचं तिकीट होतं मुखपृष्ठावरच्या काउंटरचं. किती नागरिकांनी सहभाग घेतला तो आकडा भराभर फिरत वर जाताना दिसला पाहिजे, अशी मागणी होती. त्या अ‍ॅनिमेशनवर मी दोन दिवस घालवले. उत्तराच्या रकान्याला दोन तास लागले असते.

हा लेख त्या दोन तासांबद्दल आहे. ‘डिजिटल लोकसहभाग’ या नावाखाली आपण जे बांधतोय, त्यातलं बरंचसं आवक-जावक रजिस्टरच्या फक्त ‘आवक’ बाजूसारखं आहे. त्याची सगळ्यात मोठी किंमत छोटा दुकानदार, कारागीर, टपरीवाला मोजतो. आणि हे बांधणारे हात माझ्यासारख्यांचे आहेत.

माझे वडील तालुक्याच्या गावी फरसाणाचा धंदा करतात. कारखाना वगैरे नाही. घाऊक माल आणायचा, शंभर ग्रॅमच्या पुड्या भरायच्या, सीलिंग मशीनवर तोंड बंद करायचं आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या दुकानांना पोचवायच्या. माझी इंजिनिअरिंगची फी त्या पुड्यांतून भरली गेली. २३ मार्च २०१८ला राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, तेव्हा मी शेवटच्या वर्षाला होतो आणि बंदीच्या बाजूने हिरिरीने पोस्टी टाकत होतो. आजही मी बंदीच्या बाजूनेच आहे. गटारं तुंबलेली मी पाहिली आहेत.

जूनच्या २३ तारखेपासून अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या वेळेला पाच हजार रुपये दंड, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पप्पांनी मशीनवर चादर टाकली. त्यांच्या पुड्या बंदीत बसतात की नाही, हे गावात कोणालाच नक्की सांगता येत नव्हतं. मी त्यांना फोनवर ऐकवलं, “कागदाच्या पुड्या करा ना.” ते म्हणाले, “पावसाळा आहे. कागदात फरसाण दोन दिवसांत मऊ पडतं. मऊ पडलेला माल दुकानदार परत पाठवतो. मला कुणी विचारलं असतं तर पाच मिनिटांत सांगितलं असतं.”

अंमलबजावणीला आठवडाही झाला नव्हता, तोच किराणा दुकानदारांना वस्तू बांधून देण्यासाठी काही अटींवर जाड प्लास्टिकची मुभा देण्यात आली. म्हणजे पप्पा जे पाच मिनिटांत सांगणार होते, ते सरकारला तीन महिन्यांनी, दंडाची पावतीपुस्तकं छापून झाल्यावर समजलं. धोरण चुकीचं नव्हतं. पण ज्याला अडचण ठाऊक होती, त्याच्यापर्यंत प्रश्न पोचलाच नव्हता.

तुम्ही म्हणाल, प्रश्न पोचवायलाच तर पोर्टल असतं. मग कल्पना करा, की तेव्हा आमचं पोर्टल होतं आणि पप्पांनी ते उघडलं. रात्री साडेनऊला दुकान आवरल्यावर, साडेपाच इंचांच्या स्क्रीनवर. इंग्रजी पीडीएफ, बोटांनी मोठी केली की ओळ अर्धी पडद्याबाहेर. ‘कलमनिहाय अभिप्राय’ हा रकाना : कलम क्रमांक, उपकलम क्रमांक, प्रस्तावित बदल, कारणमीमांसा. ओटीपी येईपर्यंत सेशन संपलेलं. आम्ही हे सगळं ऑफिसातल्या मोठ्या मॉनिटरवर तपासलं होतं आणि ‘मोबाइल फ्रेंडली’ अशी खूण केली होती.

भाषेचा मुद्दा तर उघडाच आहे. २०२०मध्ये पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यमापनाचा नवा मसुदा आला, तो लोकांना सर्व प्रमुख भाषांत मिळावा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. लोकांना विचारायचं तर त्यांच्या भाषेत विचारावं, इतकी साधी गोष्ट कोर्टाकडून वदवून घ्यावी लागते.

तरी समजा, पप्पांनी चिकाटीने लिहिलंच : ‘पावसाळ्यात कागदात फरसाण दोन दिवसांत मऊ पडतं, जाड पिशवी चालेल का?’ आता त्या वाक्याचं काय होईल, ते मी आतून पाहिलंय. ते एक्सेलमध्ये जाईल. हल्ली त्यावर सेंटिमेंट अ‍ॅनालिसिस चालवायची फॅशन आहे, म्हणजे प्रत्येक अभिप्रायावर ‘अनुकूल’, ‘प्रतिकूल’ किंवा ‘तटस्थ’ असं लेबल लावायचं. माझा अंदाज, पप्पांच्या वाक्यावर ‘तटस्थ’ लागेल. वरिष्ठांसमोर जो रंगीत चार्ट जाईल, त्यात पप्पा करड्या रंगाच्या फाकेत असतील. त्या वाक्यात मत नव्हतंच. त्यात माहिती होती, आणि ती हजारात एखाद्याच अभिप्रायात असते. सरासरी काढली की सगळ्यात आधी तीच हरवते.

आकड्यांवर विसंबणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगतो. अमेरिकेत २०१७मध्ये नेट न्यूट्रॅलिटीचे नियम रद्द करण्याच्या प्रस्तावावर सव्वादोन कोटींच्या आसपास अभिप्राय आले. न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलने चौकशी करून २०२१मध्ये अहवाल दिला. त्यातले जवळपास एक कोटी ऐंशी लाख बनावट होते. त्यांपैकी सत्याहत्तर लाखांहून अधिक तर एका एकोणीस वर्षांच्या कॉलेजवयीन मुलाने सॉफ्टवेअर वापरून पाठवले होते. माझा फिरता काउंटर त्या मुलाला बघून किती आनंदाने धावला असता!

आपल्याकडे नियमच नाहीत, असं मात्र नाही. केंद्र सरकारने २०१४च्या सुरुवातीला कायदेपूर्व सल्लामसलतीचं धोरण ठरवलं. मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायचा, तो का आणला हे सोप्या भाषेत सांगायचं, लोकांच्या जगण्यावर आणि उपजीविकेवर काय परिणाम होईल याचा अंदाज द्यायचा, आणि आलेल्या अभिप्रायांचा गोषवारा संकेतस्थळावर टाकायचा. वाचताना छाती भरून येते. पण हे धोरण आहे, कायदा नाही. ते पाळलं नाही म्हणून मसुदा अडत नाही.

आणि नीट विचारायचं कसं हे आपल्याला येत नाही, असंही नाही. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ची पद्धत बघा. आधी सल्लामसलतीचा कागद प्रसिद्ध होतो, त्यावर आलेली मतं सगळ्यांना वाचता येतात, मग त्या मतांवर प्रतिमतं मागवली जातात, खुली चर्चा होते. एवढं करूनही कॉल ड्रॉपच्या भरपाईचा नियम २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, आणि त्याच निकालात संसदेला सुचवलं की नियम करणाऱ्या संस्थांनी खुलेपणाने सल्लामसलत करावी, कारणं द्यावीत, असा कायदाच आणावा. त्या खटल्यात एका बाजूला मोबाइल कंपन्या होत्या. त्यांच्याकडे महागडे वकील असतात, त्यामुळे त्यांना उत्तर द्यावं लागतं. फरसाणवाल्याकडे वकील नसतो, म्हणून त्याला ‘प्राप्त’ पुरतं.

जगात इतरत्र हा फरक ओळखून व्यवस्था केलेली आहे. अमेरिकेत १९९६च्या एका कायद्याने पर्यावरण आणि कामगार-सुरक्षेच्या यंत्रणांवर बंधन घातलं : नियमाचा छोट्या धंद्यांवर लक्षणीय परिणाम होणार असेल, तर मसुदा जाहीर होण्याआधीच छोट्या व्यावसायिकांच्या प्रतिनिधींचं म्हणणं पॅनेलसमोर ऐकायचं आणि त्याचा अहवाल नोंदीत ठेवायचा. तैवानमध्ये ‘जॉइन’ नावाच्या सरकारी व्यासपीठावर एखाद्या मागणीला साठ दिवसांत पाच हजार पाठिंबे मिळाले, की संबंधित खात्याला दोन महिन्यांत लेखी उत्तर द्यावं लागतं. तिथेही आकडा आहेच. फरक इतकाच, की तो आकडा गाठला की काम सरकारला लागतं. आमचा आकडा गाठला की प्रेसनोट निघते.

यावर नेहमीचे तीन आक्षेप येतात.

पहिला : लाखो लोकांना उत्तरं कोण देणार? प्रत्येकाला द्यायची गरजच नाही. एका मसुद्यावरचे हजारो अभिप्राय वाचले की वेगळे मुद्दे फार तर तीस-चाळीस निघतात. मुद्द्यागणिक एक ओळ : मान्य की अमान्य, आणि का. मुद्द्यांच्या जुड्या बांधायला यंत्राची मदत जरूर घ्या. पण एकट्यादुकट्याने मांडलेला मुद्दा ‘इतर’मध्ये न ढकलता माणसाने वाचला पाहिजे.

दुसरा : अभिप्राय जाहीर केले तर लोक मोकळेपणाने बोलणार नाहीत. जानेवारी २०२५मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हाही आलेले अभिप्राय कोणालाही उघड केले जाणार नाहीत, म्हणजे लोक मोकळेपणाने लिहितील, असंच सांगितलं गेलं. भीती खरी आहे. नाक्यावरचा दुकानदार अधिकाऱ्याच्या विरोधात नावानिशी लिहिणार नाही. मग नाव झाका, मुद्दा दाखवा. नाव आणि मजकूर वेगळ्या रकान्यांत असतात, हे मी तुम्हाला खात्रीने सांगू शकतो.

तिसरा, आणि सगळ्यात ढोंगी : छोट्या लोकांना रसच नसतो हो. पप्पा रोज रात्री घाऊक बाजाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बेसन आणि तेलाच्या भावांवर व्हॉइस नोट टाकतात, दोन-दोन मिनिटांच्या. त्यांना बोलायचा कंटाळा नाही. भिंतीशी बोलायचा आहे.

म्हणून मागण्या मोजक्याच आहेत. धंद्यांना लागू होणाऱ्या प्रत्येक मसुद्यासोबत मराठीत एक पान : कोणाला लागू, काय बदलणार, अंदाजे खर्च किती, न पाळल्यास दंड किती. अभिप्राय द्यायला कलम क्रमांक नको, व्हॉइस नोट चालली पाहिजे, आणि स्मार्टफोन नसलेल्यासाठी फोन लाइन. मुदत संपल्यावर मुद्दे आणि उत्तरांचा जाहीर तक्ता, आणि तो तक्ता आल्याशिवाय अंतिम अधिसूचना नाही. वर्षभराने त्याच लोकांना पुन्हा एक प्रश्न : आम्ही म्हटलं होतं तसं झालं का? यातल्या शेवटच्या दोन गोष्टी कायद्यात लिहिल्याशिवाय टिकणार नाहीत. बाकीच्या आत्ता, आहे त्या सर्व्हरवर होऊ शकतात.

तंत्रज्ञानाने हे सुटेल असं मी म्हणत नाही. ऐकायचंच नसेल तर रकाना रिकामा राहील. पण रिकामा रकाना निदान दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट काढता येतो, माहिती अधिकाराच्या अर्जात त्याबद्दल विचारता येतं, बातमी करता येते. जो रकाना नाहीच, त्याच्याबद्दल कोण काय विचारणार? म्हणून ‘ते रिक्वायरमेंटमध्ये नाहीये’ हे वाक्य मला निरुपद्रवी वाटत नाही. ते मी ऐकून घेतलं आणि गप्प बसलो, हेही निरुपद्रवी नव्हतं.

हा लेख फोनवर वाचणाऱ्यांपैकी बरेचजण माझ्यासारखेच कोड लिहून पोट भरणारे असतील. उद्या असं काम तुमच्याकडे आलं, तर उत्तराचा रकाना मागा, आणि ‘नको’ म्हणाले तर ते ‘नको’ ई-मेलवर लिहून घ्या. कोड लिहीत नसाल, तर तुमच्या गल्लीतल्या एखाद्या दुकानदाराला लागू होणारा मसुदा शोधा, रात्री शटर अर्धं ओढल्यावर त्याच्या शेजारी बसा आणि त्याच्या शब्दांत अभिप्राय भरा. पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा. महिन्याभराने विचारा, काय झालं म्हणून. पुन्हा विचारा.

मी हा मजकूर पप्पांना वाचून दाखवला. त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, “मग तो रकाना तू टाकलास का?” मी नाही म्हणालो. ते काही बोलले नाहीत, पुड्या मोजत राहिले. ते पोर्टल अजून सुरू आहे आणि काउंटर छान फिरतो.